बघितलं नाही हो, दिसलं!

आमच्या घरात काही फुटलं, सांडलं किंवा हरवलं की पहिला प्रश्न येतो, "कुणी केलं?" आणि कुठल्या ना कुठल्या खोलीतून उत्तर येतं, "बघितलं नाही हो, दिसलं!" हे वाक्य एका जुन्या विनोदी मालिकेतल्या वॉचमनचं. मालिका काही फार गाजलेली नव्हती. नाव सांगितलं तरी दहातल्या नऊ जणांना आठवणार नाही. त्यात या वॉचमनला मोजून चार-पाच प्रसंग. त्याच्या डोळ्यांदेखत चोरी होते, साहेब दरडावून विचारतात, "तू बघितलंस ना?" आणि तो आपला भेद मांडतो. बघणं म्हणजे मुद्दाम लक्ष घालणं, म्हणजे जबाबदारी आली. दिसणं काय, डोळे उघडे असले की आपोआप होतं, त्यात गरिबाचा काय दोष! या एका भेदावर आमच्या घराने तीसेक वर्षं काढली आहेत. प्रगतिपुस्तकावर सही करताना बाबांनी लाल रेघेकडे केलेला काणाडोळा त्यात बसला, आणि नापास झालेल्या मुलाच्या खोलीत अचानक सापडलेली रहस्यकथाही बसली.

आता तर या वाक्याला नवं काम मिळालंय. घरच्या ग्रुपवर कुणी निरोप टाकतं, त्यावर निळ्या खुणा उमटतात, उत्तर काही येत नाही. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली की उत्तर तयार असतं. ती मालिका लिहिली गेली तेव्हा मोबाईल नव्हते, पण वाक्य जणू याच दिवसासाठी कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की टीव्ही आणि कुटुंब हा विषय निघाला की मला एकच बाजू ऐकू येते. टीव्ही आला आणि घरातलं बोलणं संपलं. हे मी शाळेच्या पालकसभेत ऐकलंय, रेल्वेच्या डब्यात ऐकलंय, आणि मजा म्हणजे टीव्हीवरच्या चर्चेतही ऐकलंय. या तक्रारीत तथ्य नाही असं मुळीच नाही. बालविकासाचे अमेरिकी अभ्यासक युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच ती नेमकी मांडली होती. टीव्ही माणसाला काय करायला लावतो यापेक्षा तो काय होऊ देत नाही, यात त्यांना जास्त धोका दिसत होता. त्या वेळात झाल्या असत्या त्या गप्पा, ते खेळ, ती वादावादी. 'वादावादी' हा शब्द त्यांनी यादीत घातला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. भांडण हेही घरपणाचं लक्षण आहे हे ओळखणारा माणूस नक्कीच भरल्या घरात वाढलेला असणार.

पण ही तक्रार टीव्ही चालू असतानाच्या एका तासाचा हिशेब मांडते. उरलेल्या तेवीस तासांचं काय? टीव्ही बंद झाल्यावर त्यातलं काय घरात उरतं, कुणाच्या तोंडी उरतं आणि कशासाठी वापरलं जातं, हे तपासल्याशिवाय टीव्हीने घर जोडलं की तोडलं याचा निकाल लावता येत नाही. ज्या घरात चार वाक्यं उरली, त्या घराने तो एक तास वाया घालवला असं मी मानत नाही. त्याने एक बोली कमावली. आणि ही बोली नुसती करमणुकीची नसते. जे सरळ बोलता येत नाही ते बोलायला ती उपयोगी पडते, असा माझा दावा आहे.

आधी हसण्याबद्दल थोडं. हसू विनोदाला येतं, असं आपण धरून चालतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एक साधं काम केलं. मॉलमध्ये, रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात माणसं नेमकी कशाला हसतात ते त्यांनी कान देऊन टिपलं. असे १,२०० प्रसंग जमले. ज्या वाक्यानंतर हसू फुटलं त्यांतली जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं विनोदाच्या जवळपास जाणारी होती. बाकीची 'चला, भेटू मग', 'मलाही भेटून बरं वाटलं' असली. समोर टीव्ही-पुस्तक काही नसेल तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, हाही त्यांचाच निष्कर्ष. म्हणजे हसण्यात विनोदाला दिलेली दाद थोडीच; 'आहे रे मी इथे' ही पोच जास्त.

टीव्हीवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हशांचं एक यंत्रच बनवलं. टाइपरायटरसारख्या कळा, एक दाबली की खुसखुस, दुसरी दाबली की गडगडाट. घरात एकट्याने बघणाऱ्याला आजूबाजूला माणसं असल्याचा भास व्हावा, एवढ्यासाठी. त्या डबाबंद हशाची मी लहानपणापासून टिंगल करत आलोय. आता वाटतं, त्या डब्यात त्यांनी भरलेलं घर कोंबायचा प्रयत्न केला होता. आमच्याकडे त्याची गरज नव्हती. बाबा हसायला लागले की मालिकेतला हशा ऐकूच यायचा नाही, आणि त्यापाठोपाठची दोन वाक्यंही बुडायची. ती दोन वाक्यं काय होती यावर मग भांडण.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विनोदी चित्रफिती दाखवून त्यांची वेदना सोसायची ताकद मोजली. पोटभर हसल्यानंतर ती वाढलेली आढळली. हसताना शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं रसायन स्रवतं आणि त्यातून माणसं एकमेकांशी बांधली जातात, असा त्यांचा अंदाज. माकडं हेच काम तासन्‌तास एकमेकांचे केस विंचरून करतात. आपण ते वॉचमनकडून करून घेतलं.

पण पहिल्यांदा हसणं ही एक गोष्ट झाली. तेच वाक्य शंभराव्यांदा ऐकून हसणं निराळं. विनोद म्हणून ते वाक्य पाचव्या-सहाव्या वेळी मेलेलं असतं. मग दाद कशाला जाते? वाक्य आज कुठे बसवलं, याला. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट कुणालाही सुचली नव्हती अशा जागी येऊन पडते, आणि ती आणणाऱ्याने अर्धा क्षण आधी ओळखलेलं असतं की आपण सगळे ती ओळखू. हा विश्वास परक्या माणसावर टाकता येत नाही.

२००८ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या रिचर्ड हॅरिस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांतली वाक्यं बोलताना वापरण्याच्या सवयीचा अभ्यास केला. विचारलेल्या प्रत्येक तरुणाने ते कधी ना कधी केलेलं होतं. वाक्यं बहुतेक विनोदी चित्रपटांतली. कशासाठी म्हणता, असं विचारल्यावर उत्तर आलं, स्वतःची आणि समोरच्याची करमणूक. माझा या उत्तरावर पूर्ण विश्वास नाही. करमणूक हे कारण आपण सांगतो, कारण खरं कारण सांगायला लाज वाटते.

माझी मोठी बहीण आणि बाबा एकदा सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. कारण लिहिण्यासारखं नाही. तिने एक चांगली नोकरी सोडली, बाबांनी एक शब्द वापरला, तिने दोन वापरले. एका छपराखाली राहून न बोलण्याची एक व्यवस्थाच तयार होते. 'तिला सांग, पत्र आलंय.' 'त्यांना विचार, किल्ली कुठे आहे.' आई म्हणजे टेलिफोन एक्सचेंज. एका रविवारी दुपारी बाबांच्या हातून ताईचा टेबललॅम्प पडला. बल्बच्या काचा, वाकलेली दांडी, वायर, सगळं जमिनीवर पसरलेलं आणि मधोमध बाबा, एक पाय उचललेला, कुठे ठेवावा ते कळत नाही असे. ताई दारात आली. काचांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"कुणी केलं?"

सात महिन्यांतला तिचा त्यांना उद्देशून पहिला शब्द. तो कुठल्या सुरात होता हे मी आजही सांगू शकत नाही. त्यातून मोठं भांडण सहज निघालं असतं. बाबांनी उचललेला पाय तसाच ठेवून चष्मा सारखा केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "बघितलं नाही हो, दिसलं!"

ती लगेच हसली नाही. आधी झाडू आणायला गेली. परत आली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते.

त्या क्षणी बाबांना स्वतःच्या शब्दांत काय म्हणता आलं असतं? 'चुकलो'? कशाबद्दल, दिव्याबद्दल की त्या शब्दाबद्दल? मुलीची माफी मागायला त्यांच्याकडे सूरच नव्हता. तो त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. वॉचमनकडे तो होता. माफी वॉचमन मागत होता, बाबा नव्हेत. ती नाकारली गेली असती तरी वॉचमनचीच नाकारली गेली असती, आणि संध्याकाळी आईचं एक्सचेंज पुन्हा सुरू झालं असतं. टीव्हीतलं वाक्य बोलणाऱ्याला असा आडोसा देतं. ऐकणाऱ्यालाही देतं, कारण त्यालाही माफ केल्याचं जाहीर न करता नुसतं हसता येतं. आमच्या घरात त्या दिवशी तडजोड झाली असं कुणीच म्हणालं नाही. नवा बल्ब तेवढा आला.

हा आडोसा किती मोलाचा ठरू शकतो याचं टोकाचं उदाहरण अमेरिकी पत्रकार रॉन सस्किंड यांच्या घरातलं आहे. त्यांचा धाकटा मुलगा ओवेन तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला बोलायचा थांबला. निदान झालं ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं. घरात मुलांचे अॅनिमेशनपट लागत, सगळे मिळून बघत, आणि तो जे काही पुटपुटे ती त्या चित्रपटांतल्या वाक्यांची मोडकी रूपं असल्याचं हळूहळू लक्षात आलं. तो साडेसहा वर्षांचा असताना एकदा वडील चादरीखाली लपले, हातात त्याच चित्रपटांतल्या एका पोपटाची बाहुली घेतली आणि त्या पोपटाच्या आवाजात त्याला विचारलं, तू असणं कसं असतं रे? मुलाने पोपटाला उत्तर दिलं. आपण सुखी नाही, आपल्याला मित्र नाहीत, असं. कित्येक वर्षांतलं बापलेकाचं ते पहिलं संभाषण. पुढे ते सगळं कुटुंबच त्या वाक्यांतून बोलायला शिकलं. आपल्या घरांत एवढी मोठी भिंत नसते. लहान लहान असतात, आणि त्यांना बाहुल्याही लहान पुरतात.

यावर एक आक्षेप येतो, तो हलका नाही. ही सगळी उसनी वाक्यं. कुणा पगारी लेखकाने जाहिरातींच्या मधल्या जागेत भरायला लिहिलेली. घराने स्वतःचं काही बोलावं की दुसऱ्याचं उष्टं चघळत बसावं? माझ्या एका मित्राने हे असंच्या असं मला ऐकवलं, आणि वर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चाललंय." मी त्याला एवढंच विचारलं, की हे तू आत्ता बनवलंस का? भाषेत उसनं नाही असं फारच थोडं असतं. म्हणी कुणीतरी एकदाच म्हटलेल्या असणार. नंतर पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या योग्य जागी ठेवत आलो, आणि योग्य जागी ठेवण्यालाच शहाणपण म्हणत आलो. वाक्य कुठून आलं यावर त्याची मालकी ठरत नाही. ते कुणी झिजवलं यावर ठरते.

झिजता झिजता ते बदलतंही. 'बीम मी अप, स्कॉटी', म्हणजे 'स्कॉटी, मला वर यानात घे', हे इंग्रजी टीव्हीतलं पुष्कळ म्हटलं गेलेलं वाक्य. ज्या 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेचं म्हणून ते जगभर ओळखलं जातं तिच्या १९६६ ते १९६९ मधल्या मूळ भागांत, नेमक्या याच शब्दांत, ते एकदाही येत नाही. जवळची रूपं आहेत, हे नाही. हे बघणाऱ्यांनी घडवलं. लेखकाने कच्चा माल पुरवला, एवढंच त्याचं श्रेय.

जॉर्जटाउन विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ सिंथिया गॉर्डन यांनी काही कुटुंबांचं रोजचं बोलणं घरातच ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं. एकाने उच्चारलेला शब्द दुसरा उचलतो, तिसरा दुसऱ्या दिवशी वेगळ्या कामाला लावतो, आणि या फिरवाफिरवीतून ते घर घडत जातं, अशी त्यांची मांडणी आहे. कॅरॉल ब्रुएस आणि ज्यूडी पिअरसन यांनी १९९३ मध्ये विवाहित जोडप्यांच्या खासगी शब्दांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जास्त समाधानी जोडप्यांकडे असे शब्द जास्त आढळले. बोलीमुळे समाधान की समाधानामुळे बोली, हे असल्या पाहणीतून ठरत नाही. मला विचाराल तर दोन्ही. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालणाऱ्या दोघांत कोण कुणाला धरून आहे हे कसं सांगणार?

पण मी नुसतं गुणगान करत सुटलो तर ते खोटं होईल. आमच्या धाकट्या भावाला आम्ही सहा-सात वर्षं एका मालिकेतल्या बावळट नोकराच्या नावाने हाक मारत होतो. काही धडपडला की त्या नोकराचं ठरलेलं वाक्य आम्ही एका सुरात म्हणायचो. तो हसायचा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा, म्हणून आम्हाला कधी काही वाटलं नाही. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा सहज बोलता बोलता म्हणाला, "मोठ्याने हसलं की विषय लवकर संपायचा." एवढंच. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही, पण सहा-सात वर्षं घेतलं होतं, हेही आहेच.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या. त्यांतल्या दोन निरोगी. माणसं जोडणारी एक आणि स्वतःला तारणारी एक. उरलेल्या दोन घातक: दुसऱ्याला ओरबाडणारी, आणि लोकांनी आपल्याला जवळ करावं म्हणून स्वतःलाच थप्पड मारून घेणारी. गंमत अशी, की एकच वाक्य, एकाच खोलीत, एकाच वेळी दोन तऱ्हांचं काम करू शकतं. आमची तऱ्हा पहिली होती, भावाची चौथी. हसण्याचा आवाज सगळ्यांचा सारखाच येतो, म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

दुसरी अडचण बाहेरून येणाऱ्याची. बोली म्हटली की परकं आलंच. दादाचं लग्न झालं, वहिनी आली. पहिली दोन वर्षं ती आमच्या प्रत्येक वाक्यावर हसायची, पण अर्धा सेकंद उशिरा. बाकीचे हसले हे बघून मग. तो अर्धा सेकंद मी तेव्हा बघितला नव्हता, दिसला होता. आम्ही तिला मालिकेची गोष्ट सांगायचा प्रयत्न करायचो, पण सांगताना आम्हालाच इतकं हसू यायचं की गोष्ट पुरी व्हायची नाही, आणि ती बिचारी हसू चेहऱ्यावर धरून वाट बघत राहायची. ज्या घरात हशा पिकतो त्या घरात एकटं पडणं फार वाईट. दुःखाच्या घरी निदान कुणी जवळ येऊन विचारतं तरी.

मग एके दिवशी आई-बाबांचं कशावरून तरी वाजलं. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती. आम्ही सगळे बाहेर गप्प. वहिनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता, बातम्यांतल्या निवेदिकेच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह गडगडाट. उर्वरित भागात हवामान कोरडे राहील."

आतला आवाज थांबला. मग आईच हसायला लागली. तेव्हा कळलं की वहिनीच्या माहेरी तिच्या वडिलांचा पारा चढला की मुलं एकमेकांना हवामानाचा अंदाज द्यायची. बातम्यांच्या शेवटी येणारं ते रटाळ वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. त्या रात्री ती तासभर तिच्या घराबद्दल बोलली. दोन वर्षांत आम्ही तिला एवढं कधी विचारलंच नव्हतं. आता आमच्याकडे कुणी ऑफिसातून निघताना घरी फोन करतं आणि विचारतं, "कोरडं आहे ना?"

या प्रसंगाने माझं एक मत मला थोडं दुरुस्त करावं लागलं. मी समजत होतो की बोली व्हायला सगळ्यांनी एकत्र बसून तेच बघितलेलं असावं लागतं. वहिनीचं वाक्य आमच्यापैकी कुणीच तिच्या घरात बसून ऐकलेलं नव्हतं. आणि ते विनोदी तर मुळीच नव्हतं. हवामानखात्याला कुणी विनोदी म्हणणार नाही. आम्हाला मिळाली ती वाक्यामागची गोष्ट. म्हणजे नव्या माणसाला गोष्ट सांगणं, न हसता पुरी सांगणं, आणि त्याचं वाक्य आलं की ते आत घेणं, ही जुन्यांची जबाबदारी आहे. ती टाळली की बोलीचं कुंपण होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. घरोघरी वाद चालतो तो मिनिटांचा. मुलांनी किती वेळ पडद्यासमोर बसावं? मिनिटं मोजणं सोपं असतं म्हणून आपण मिनिटं मोजतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास सुचवला, तो आकडा सगळीकडे पोचला. त्याच सल्ल्यात आईवडिलांनी मुलांबरोबर बसून बघावं असंही म्हटलं होतं. ते कुणी फारसं उचललं नाही, कारण त्यात मोठ्यांचं काम वाढतं.

कार्यक्रम करणाऱ्यांनाही एके काळी हे सुचलं होतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात मोठ्यांनाच कळतील असे विनोद आणि विडंबनं मुद्दाम पेरली जायची, आईवडिलांनी खोलीतून उठून जाऊ नये म्हणून. मोठं माणूस शेजारी असलं की मूल जास्त शिकतं, हे त्यांना माहीत होतं. आज आमचा टीव्ही लावला की तो आधी विचारतो, कोण बघतंय? चार चेहऱ्यांचे चार चौकोन. दादाचा, वहिनीचा, माझा, पुतणीचा. 'सगळे' असा चौकोन त्यात नाही. आपली आपली यादी, आपली आपली आवड, आणि यंत्र ती दिवसेंदिवस अधिक आपली आपली करत जातं. मला खरी तक्रार करायची आहे ती इथे, आणि ती टीव्हीबद्दल नाही.

आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मधले सहा दिवस. मालिका आठवड्याला एकदा लागायची. एक भाग झाला की पुढचा येईपर्यंत घराकडे तेवढाच ऐवज असायचा. तो सहा दिवस उलटसुलट करून वापरला जायचा. वाक्य मुरायला तेवढा वेळ लागतो. आता अख्खी मालिका दोन रात्रींत संपते, सकाळी डोळे चुरचुरतात आणि एकही वाक्य आठवत नाही. रील तर त्याहून वाईट. ती पुढे पाठवली की कर्तव्य संपलं. पुढे पाठवणं आणि तोंडाने म्हणणं यात फरक आहे. म्हणायला आवाज लावावा लागतो, वेळ साधावी लागते, आणि कुणीच हसलं नाही तर तोंडघशी पडायची तयारी ठेवावी लागते.

मुलांकडे बोली नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आहे, आणि ती आमच्यापेक्षा चपळ आहे. रोज बदलते, हजारो अनोळखी मुलामुलींत वाटलेली असते. घरातली माणसं तेवढी तिच्यात नाहीत. पुतणीची मोठी मावसबहीण फोनकडे बघून हसते. मी विचारतो, काय गं? ती सांगायला लागते, मग तिलाच हसू येतं, मग म्हणते, "जाऊ दे, तुला नाही कळणार." आणि मी हसतो. अर्धा सेकंद उशिरा.

तरी मी चिकाटीने विचारत राहतो. तिने परवा एक वाक्य मला समजावून सांगितलं, न हसता, पूर्ण. मी ते दुसऱ्या दिवशी चुकीच्या जागी वापरलं. तिने डोक्याला हात लावला, पण दोन दिवसांनी मला नवीन वाक्य पाठवलं, खाली वापरायच्या सूचनांसह.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दादाची मुलगी आता आठ वर्षांची आहे. ती मालिका तिने कधी बघितलेली नाही, पण वाक्य रोज वापरते, बाबा म्हणायचे त्याच रडवेल्या सुरात. तिच्या लेखी ते आजोबांचं वाक्य आहे. गेल्या महिन्यात दादाला इंटरनेटवर कुणीतरी चढवलेले त्या मालिकेचे जुने भाग सापडले. चित्र धुरकट, आवाज खरखरीत. एका रविवारी आई, ताई, भाऊ, वहिनी, सगळे बसलो. चोरी झाली. साहेब आले. वॉचमनला दरडावलं. आम्ही सगळ्यांनी तोंड उघडून ठेवलं होतं, त्याच्याबरोबर म्हणायला.

तो म्हणाला, "साहेब, बघायचं काम माझं नाही. दिसलं तेवढं सांगतो."

सरळ आवाजात. रडवेलं काही नाही. 'हो' तर नाहीच. दादाने मागे नेऊन पुन्हा लावलं. तेच. ताई एकदम उठून खिडकीपाशी गेली.

पुतणीने नाक मुरडलं. "हा चुकीचं म्हणतोय," ती म्हणाली.

तिला कुणी दुरुस्त केलं नाही.